ऐंशी मीटरचं एक मिनिट

तादाओ सेगावांनी स्टेशनच्या फाटकातून पाऊल बाहेर टाकलं, मनगटावरच्या घड्याळाची कळ दाबली आणि मागे वळूनही न बघता चालायला लागले.

"बाबा, थांबा तरी! माझा पास अडकलाय फाटकात."

"घड्याळ सुरू झालंय," ते म्हणाले. "आता कोणासाठी थांबायचं नाही."

चिहारुनं कसाबसा पास सोडवला आणि त्यांच्या मागे धावली. धावायचं काही कारण नव्हतं, दहा पावलांत तिनं त्यांना गाठलं असतं, पण आज तिचे पाय जमिनीवर ठरतच नव्हते. चौतिसाव्या वर्षी बाईमाणसानं असं उड्या मारत चालावं का, तर चालावं. तोचिनोदाईसारख्या गावात घर मिळायची वेळ आयुष्यात कितीदा येते? टोकियोला जायला पस्तीस मिनिटं, आणि इथं गाडी म्हणून ठेवायची गरज नाही. स्टेशनच्या रस्त्यावर बेकरी, तिच्यापुढे तोफूवाला, मग मासळी, मग दवाखाना, मग मिओची होणारी शाळा. सगळं पायाखालचं. मुलगी सहा वर्षांची होती, अजून दोन वर्षांत ती एकटी जाऊन तोफू घेऊन आली असती. या एका विचारानं चिहारुला गेल्या चार रात्री झोप नव्हती.

घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. बाबांच्या पायांपाशी.

घराच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून चालत नऊ मिनिटं' असं छापायचं तर त्याचा हिशेब ठरलेला असतो. ऐंशी मीटर म्हणजे एक मिनिट, आणि वर चार पावलं उरली तरी पुढचं मिनिट धरायचं. सेगावांनी घरविक्रीच्या एका कंपनीत अडतीस वर्षं हेच काम केलं होतं. काठीला लावलेलं मोजणीचं चाक ढकलत स्टेशनपासून दारापर्यंत जायचं आणि आकडा लिहायचा. पुढे पुढे त्यांना चाकाची गरज उरली नाही. त्यांची चालच मिनिटाला ऐंशी मीटरची झाली, एक जास्त नाही की कमी नाही. "यांना पोस्टात पाठवलं की अंडी उकडायला ठेवायची," आई म्हणायची. "हे दारात आले की अंडी झालेली." आई जाऊन तीन वर्षं झाली, पण घरातल्या माणसांसाठी बाबांची चाल अजून काळ्या दगडावरची रेघ होती.

त्या रेघेनं वर्षभरात सहा घरं खाल्ली होती. जाहिरातीत सात मिनिटं, बाबांच्या पायांनी दहा. जाहिरातीत अकरा, बाबांच्या पायांनी सोळा. "रस्त्याच्या आकड्यात जे खोटं बोलतात, ते भिंतीत काय लपवतील?" असं म्हणून ते कागदाची घडी घालायचे आणि विषय संपायचा. चिहारुचा नवरा नाओया शांत माणूस, पण चौथ्या घराच्या वेळी त्याचाही तोल गेला होता. "घर आपण घेतोय की तुझ्या बाबांचे बूट?" तो म्हणाला होता. त्या घराच्या अंगणात तेंदूफळाचं झाड होतं. ते हातचं गेलं त्या दिवशी चिहारु न्हाणीघरात नळ सोडून रडली होती.

हे सातवं. आणि दुपारी दोन वाजता दुसरं एक कुटुंब ते बघायला येणार होतं. ज्याचा अर्ज आधी, त्याचं घर.

"बेकरी," सेगावा स्वतःशी म्हणाले आणि घड्याळाकडे बघितलं. "दोन मिनिटं दहा."

खरी गोष्ट अशी होती की चिहारुला धीर धरवला नव्हता. ती सकाळी तासभर आधीच येऊन एकटी हा रस्ता चालून गेली होती, आणि बेकरीपाशी तिच्या फोनवर दीड मिनिटही झालं नव्हतं. घराच्या फाटकाशी पोचली तेव्हा साडेआठ मिनिटं. आपण हुरळून भरभर चाललो असणार, अशी मनाची समजूत घालून ती बाबांना घ्यायला परत फलाटावर गेली होती.

तोफूवाल्याशी सेगावा थांबले. काचेतून आत बघत उभे राहिले.

"थांबायचं नव्हतं ना कोणासाठी?" चिहारु हसून म्हणाली.

"आसपासची दुकानं तपासायला नकोत? नुसतं चालत गेलं म्हणजे पाहणी होत नसते."

"काय दिसलं?"

"तोफू," ते म्हणाले, आणि आणखी थोडा वेळ बघत राहिले. त्यांचा एक हात चौकटीवर टेकला होता. मागच्या सहाही रस्त्यांवर ते असेच कुठे कुठे थांबले होते, कधी पाटी वाचायला, कधी गटाराचं झाकण बघायला. बाबांसारखी बारीक नजर कोणाची नाही, असं ती नाओयाला सांगत आली होती.

घराच्या फाटकाशी इशिगामी-सान उभी होती. घर विकणाऱ्या कंपनीची ही मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल. कमरेत वाकून नमस्कार करून तिनं तोंड उघडायच्या आत सेगावांनी घड्याळ तिच्यापुढे धरलं.

"बारा मिनिटं चाळीस सेकंद. म्हणजे तेरा. तुमच्या कागदावर नऊ लिहिलंय."

"नऊच आहेत, सेगावा-सान."

"मी अडतीस वर्षं हे काम केलंय, बाई."

"मी दोनच वर्षं करतेय," इशिगामी-सान म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण ती हटली नाही. "पण हे मी स्वतः मोजलंय. तीनदा. पहिल्यांदा माझाही विश्वास बसला नव्हता, इतक्या कमी किमतीत नऊ मिनिटं कशी म्हणून."

आतापर्यंतच्या सहाही दलालांनी मुकाट्यानं माफी मागितली होती. सेगावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ते मनातून खूषही झाल्यासारखे दिसले.

"चाक आहे का तुमच्याकडे?"

"ऑफिसात आहे. स्टेशनजवळ. पाच मिनिटांत आणते." आणि ती सायकलवर टांग मारून निघूनसुद्धा गेली.

घर उघडंच होतं. चिहारु आत शिरली आणि पुढची पाच मिनिटं तिला बाबांची, घड्याळाची, दोन वाजताच्या माणसांची कसलीच आठवण राहिली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसत होतं. वर दोन खोल्या, एकीत मिओचं टेबल बरोब्बर बसेल एवढा कोनाडा. जिन्यावरून ती धावत वर गेली, धावत खाली आली, कपाटं उघडली, लावली, पुन्हा उघडली. "बाबा, हे बघा ना! ऊन बघा कसं येतंय!" ती ओरडली.

खाली दक्षिणेकडे चटयांची एक छोटी खोली होती, तिथं सेगावा भिंतीला पाठ लावून बसले होते.

"जमीन सपाट आहे का बघतोय," ते म्हणाले.

इशिगामी-सान चाक घेऊन आली. सेगावांनी ते हातात घेतलं, दांड्यावरून अंगठा फिरवला, आकड्यांची खिडकी शून्यावर आणली. क्षणभर ते दहा वर्षांनी लहान दिसले.

"फाटकापासून स्टेशनपर्यंत. मी ढकलणार. कोणी मध्ये बोलायचं नाही."

तिघंही निघाली. चाक टक टक करत पुढे, सेगावा त्याच्यामागे, आणि मागे दोघी. आता चिहारुला बोलायचं नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच तिनं नीट बघितलं. बाबांचं पाऊल उचलायच्या आधी टाच जमिनीला घासत होती. शाळेच्या कोपऱ्याशी एक म्हातारी हातगाडी ओढत त्यांना मागे टाकून गेली. मग पाठीवर दप्तरं घेतलेली तीन पोरं गेली. तोफूवाल्याशी सेगावा थांबले, चाकाच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, आणि काचेकडे बघायलाही विसरले. त्यांचे खांदे वरखाली होत होते.

चिहारुला सकाळची साडेआठ मिनिटं आठवली. तिनं काही भरभर चालून ती गाठली नव्हती. त्या सहा रस्त्यांवरही ती त्यांच्या बाजूनं, त्यांच्याशी बोलत, त्यांच्याच पावलानं चालली होती, आणि दोघांनी मिळून सहा प्रामाणिक कागदांना खोटं ठरवलं होतं. देवा, चाक तरी चुकू दे, असं तिच्या मनात आलं. एवढ्या आवडलेल्या घराचा कागद खोटा निघावा असं मागणारं ती जगातलं पहिलंच गिऱ्हाईक असेल.

स्टेशनच्या फाटकाशी चाक थांबलं. सेगावांनी चष्मा वर करून आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

"सातशे चार," ते म्हणाले.

कोणी भागाकार मोठ्यानं केला नाही. ऐंशीच्या पाढ्यात सेगावांना कोणाच्या मदतीची गरज नव्हती.

"चाक बिघडलं असेल," चिहारु घाईघाईनं म्हणाली. "जुनं दिसतंय. हो ना, इशिगामी-सान?"

इशिगामी-साननं तिच्याकडे बघितलं, मग सेगावांकडे. तीनदा मोजलेलं अंतर होतं तिचं. "असेलही," ती हळूच म्हणाली. "पडलं होतं ते एकदा."

"चाक बरोबर आहे," सेगावा म्हणाले.

त्यांनी चाक भिंतीला टेकवलं, बूट जुळवले आणि त्या पंचविशीतल्या मुलीपुढे कमरेत पार वाकले. "तुमचा कागद खरा आहे. मी उगाच संशय घेतला. माफ करा."

ती बिचारी गोंधळून त्यांच्याहून खाली वाकली आणि चाक घेऊन ऑफिसकडे पळाली.

सेगावा स्टेशनसमोरच्या बाकावर बसले. चिहारु शेजारी बसली. गाडी आली, माणसं उतरली, पांगली, भराभर चालत गेली.

"म्हणजे ती सहाही," ते म्हणाले.

"मला नव्हतीच आवडली ती."

"तेंदूच्या झाडाच्या घरासाठी तू रडलीस. नाओयानं सांगितलंय मला."

"नाओयाचं तोंड ना..."

"चांगला मुलगा आहे. बोलला म्हणून काय झालं." त्यांनी घड्याळ मनगटावरून काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि खिशात टाकलं. "मला वाटायचं, हल्ली जाहिराती फार खोट्या झाल्यात. तुझ्या आईला मी असं फोटोपुढे बसून सांगायचोसुद्धा."

चिहारुला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. जुन्या वसाहतीत, लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर ते एकटे राहत होते. आमच्याकडे या, असं तिनं दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी 'अजून माझे पाय धड आहेत' एवढंच सांगून तिला वाटेला लावलं होतं. आता पुन्हा विचारलं असतं तर ते उठून पहिल्या गाडीनं घरी गेले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"एक वाजून दहा मिनिटं झालीत," सेगावा म्हणाले. "दोनची माणसं येतील. घर हवंय ना तुला?"

"हवंय बाबा. फार हवंय!"

"मग बसलीस काय?"

ऑफिसात इशिगामी-साननं अर्ज पुढे ठेवला आणि हिरवा चहा आणला. चिहारुची लेखणी कागदावर नाचत होती. पत्ता लिहिताना तिनं दोनदा श्वास घेतला, नाओयाचं नाव लिहिताना हसली, आणि नाओयाला फोन करून "भरतेय, भरतेय!" एवढंच ओरडून फोन ठेवला. शेवटी घरात राहणाऱ्या माणसांचे रकाने होते. नाव, नातं, वय. नाओया. चिहारु. मिओ. मग मान वर न करता, कोणाला काही न विचारता, तिनं चौथी ओळ भरली आणि कागद वडिलांकडे फिरवला.

"आकडे तपासा, बाबा."

सेगावांनी चष्मा लावला. ते वरपासून वाचू लागले, बोट ओळीखाली धरून, पूर्वी छापखान्यात जायचे कागद वाचायचे तसे. क्षेत्रफळ. तारीख. स्टेशनपासून चालत नऊ मिनिटं. बोट खाली सरकत चौथ्या नावावर आलं आणि तिथंच राहिलं. चिहारुनं चहाची वाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली. इशिगामी-सान खिडकीतून बाहेर बघू लागली.

"हे चुकलंय," सेगावा म्हणाले.

चिहारु वाटी ठेवून पुढे वाकली. "काय चुकलंय?"

"वय. शहात्तर नाही. सत्त्याहत्तर. गेल्या महिन्यात झाली."

त्यांनी तिच्यापुढची लेखणी उचलली, जुन्या आकड्यावर दोन सरळ रेघा मारल्या आणि वर नवा आकडा नीट लिहिला. मग कोटाच्या आतल्या खिशातून, सहीच्या जागी लावतात तो आपल्या नावाचा शिक्का काढून त्यावर फुंकर मारली. अर्जावरच्या खाडाखोडीवर अर्जदाराचाच, म्हणजे चिहारुचा, शिक्का लागतो, हे तिथल्या तिघांनाही माहीत होतं. तरी इशिगामी-साननं लाल शाईची डबी त्यांच्याकडे सरकवली.