पहिल्या साखरेची कॉफी

हंगामाची पहिली तपकिरी, कच्ची साखर कॉफीत घालून बीटवाल्या शेतकऱ्यांना पाजायची आणि मगच त्यांनी पुढच्या लागवडीच्या करारांवर सह्या करायच्या, ही ग्रोसरोडेच्या बीट साखर कारखान्याची रीत. ती संस्थापकांनी घालून दिली. संस्थापक मोठे दूरदृष्टीचे. फाटकातला त्यांचा पुतळासुद्धा दूर कुठेतरी बघत असतो.

नवे संचालक हेनिंग टीडेमान यांना या दूरदृष्टीचा पत्ता कॉफीच्या आदल्या दिवशी लागला. कचेरी सांभाळणाऱ्या रोझविताबाईंनी त्यांच्यापुढे पत्र्याचा डबा ठेवला.

"उसाची साखर आहे. उद्याच्या कॉफीत घालायची."

"उसाची? आपल्याकडे?"

"साहेब, बीटाची कच्ची साखर कधी तोंडात घातलीत का? कोंदट तळघर चाटल्यासारखं वाटतं. संस्थापकांनी चाखली नि गुपचूप उसाची मागवली. तेव्हापासून हेच चाललंय. कैसर गेला, कम्युनिस्ट पक्षाचं राज्य आलं, तेही गेलं. पक्षाच्या राज्यात तर क्युबाहून पोत्यानं यायची."

टीडेमान सरळ माणूस. त्यांना शरमच वाटली. यंदा मक्यापासून गॅस बनवणारे प्रकल्पवाले बीट सोडून मका लावा म्हणून शेतकऱ्यांच्या मागे लागले होते. सह्या झाल्या नाहीत तर कारखान्याला टाळंच. अशा वेळी तरी खोटेपणा नको, आणि जन्म बीटात घालवलेल्यांना खरी चव कळणारच, असं म्हणून त्यांनी डबा कपाटात ठेवला आणि कॉफीत बीटाचीच साखर घातली.

दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांचे पुढारी एकेहार्ट बोसे यांनी पहिला घोट घेतला. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"काय हो टीडेमान, ही कुठली साखर?"

"आपलीच. आज सकाळी निघालेली."

"मला शिकवू नका. आजोबांपासून पितोय आम्ही ही कॉफी. आपल्या मातीची चव झोपेतून उठवलंत तरी सांगेन. ही उसाची आहे, बाहेरून आणलेली."

"हॅम्बुर्गचे ना साहेब," मागून कुणीतरी म्हणालं, "बंदरावरचाच माल गोड लागणार त्यांना."

लोक कप खाली ठेवून टोप्या उचलू लागले. टीडेमाननी खरं सांगायला तोंड उघडलं. पण खरं सांगायचं म्हणजे या सगळ्यांना, त्यांच्या बापआजोबांसकट, मूर्ख ठरवायचं. मूर्ख ठरलेला माणूस सही करत नाही. त्यांना मनापासून वाईट वाटलं, पण ते उठले.

"चुकलो. उसाचीच घातली मी. रोझविताबाई, आपली आणा."

बाईंनी डब्यातली साखर घालून दुसरी किटली आणली. बोसेंनी घोट घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ही. ही आपली माती."

सगळ्यांच्या सह्या झाल्या. संध्याकाळी संचालक मंडळाने परका माल पाजल्याबद्दल टीडेमानना घरी बसवलं.

टीडेमान सामान भरत असताना रोझविताबाई रिकामा डबा घेऊन दारात आल्या.

"साहेब, हॅम्बुर्गला जाताच आहात, तर पुढच्या वर्षाची तेवढी पाठवून द्याल का? तिकडे चांगली मिळते."

टीडेमाननी डबा घेतला आणि कपड्यांच्या मध्ये नीट बसवला.