खडकीच्या मैदानावरची बारबेल

कल्याणीच्या हडपसरच्या आयटी कंपनीत जिम सुरू झाली, तेव्हा ती चाळिशीला आली होती. पहिल्याच दिवशी ट्रेनर सुदर्शन म्हणाला, "मॅडम, बारबेल झटक्यात खांद्यावर, तिथून डोक्यावर. मग लगेच दोरीच्या उड्या. जरा थांबायचं, की पुन्हा तेच."

बारबेलचं गार लोखंड हाताला लागलं आणि कल्याणीला खडकी आठवली. तिचे वडील तात्याराव तिथल्या कारखान्यात होते आणि कामगारांच्या संघातून स्पर्धेत वजन उचलायचे. क्वार्टरमागच्या मैदानावर त्यांनी शाळकरी कल्याणीलाही शिकवलं. शेजारीण नाक मुरडायची, तेव्हा ते शांतपणे विचारायचे, "आपल्यालाही शिकायचंय का?" पुढे कॉम्प्युटरचा क्लास आला, नोकरी आली. सराव कधी सुटला, ते बापलेकींना कळलंही नाही.

शनिवारी ती तात्यांना जिममध्ये घेऊन आली. ते भिंतीजवळच्या खुर्चीत बसले. कल्याणीने बारबेल खांद्यावर घेतली आणि तात्या मैदानावरच्या आवाजात ओरडले, "कोपर वर! आता ढकल!" सगळी जिम वळून बघू लागली. बारबेल वर गेली, स्थिर राहिली.

ती धापा टाकत दोरीकडे वळली, तसे तात्या सुदर्शनला म्हणाले, "आमच्या वेळी वजन उचलल्यावर चहा द्यायचे. तुम्ही उड्या मारायला लावता?"

कल्याणीला इतकं हसू आलं, की दोरी पायात अडकली.

परतताना तात्या स्कूटरवर तिच्या मागे बसले होते. सिग्नलला त्यांनी हळूच विचारलं, "पुन्हा कधी आहे गं?"