बोटं मोडली की

बटण एकाच दोऱ्यावर लोंबत होते, काळे, शिंगाचे, कोटाचे वरून तिसरे. वेणीमाधव हनुवटी छातीला टेकवून त्याच्याकडे बघत उभा होता, दातांत दोऱ्याचा तुकडा धरून. अंगावरचे कापड शिवायचे तर ज्याच्या अंगावर ते आहे त्याने तोंडात काहीतरी धरायचे आणि टाका संपेपर्यंत बोलायचे नाही, हा प्रेमलाच्या माहेरचा दंडक. बोलायचे नाही... आणि हे कोणाला, तर सोलापूरच्या कोर्टातल्या दुभाष्याला, ज्याला सरकार केवळ बोलण्याचा पगार देते! त्याला हसू आले, पण दोरा पडेल म्हणून त्याने ते नाकातून सोडले.

तेवढ्यात प्रभा नवा परकर नेसून माजघरातून पुढे आली. शाळेत आज संमेलन, स्वागताचे गाणे तिच्याकडे. प्रेमलाने सुई कोटातच खोचली, लेकीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून घेतले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटे मोडली, कडाकडा, सगळी. मग घाईघाईने बटणाला कशीबशी गाठ मारून तिने नवऱ्याला बोलायला मोकळे केले. पण तोवर बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

सात रस्त्यावरून कोर्टाकडे चालताना वेणीमाधव रोज थोडा उंच होत असे. मराठी घरची, कानडी आजोळची, तेलुगू शेजारच्या विणकरांची, दखनी मदरशाच्या गल्लीत विटीदांडू खेळताना मिळालेली, इंग्रजी तेवढी मार खाऊन शिकलेली... पण भाषा काय, कोणीही शिकतो. माझे खरे काम शब्द संपतात तिथे सुरू होते. तेलंगी विणकर ‘हो’ म्हणताना मान अशी दोन्ही बाजूंना हलवतो की मागच्या साहेबाने एका साक्षीत चक्क ‘नाही’ लिहायला घेतले होते, टाक दौतीत बुडला होता, तेव्हा मी खाकरलो. अक्कलकोटकडचा माणूस जिभेने ‘च्’ करतो तो नकार असतो, साहेबाला वाटते हळहळ. आणि साहेब तरी काय कमी? परवा शिपाई रजा मागायला गेला, साहेबाने खुशीने अंगठा वर केला, आणि साहेबाने आपल्याला अंगठा दाखवला म्हणून तो बिचारा दिवसभर तोंड पाडून बसला. त्यालाही मीच सोडवले. माणसाने हात हलवावा आणि मी अर्थ सांगावा. या बाबतीत आपल्या तोडीचा माणूस जिल्ह्यात नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

आजचा खटला वळसंगचा. वीरभद्रप्पा नावाच्या जमीनदाराने मायाक्का नावाच्या धनगर म्हातारीला काठीने मारले, तिचा खांदा निखळला. मारले हे तो नाकारतच नव्हता. त्याचे म्हणणे एवढेच की त्याची लहान मुलगी नवे पैंजण घालून दारात उभी होती, मेंढरे घेऊन जाणाऱ्या म्हातारीने तिच्यासमोर बोटे मोडली, रात्री पोर तापाने फणफणली आणि गेली. वीरभद्रप्पा पिंजऱ्यात कोरड्या डोळ्यांनी उभा होता, दगडासारखा, आणि मायाक्का साक्ष देताना पदराआडून हसत होती. साहेबाने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. वेणीमाधवला साहेबाच्या मनातले ऐकू आले: बाप निर्दय, म्हातारी निर्लज्ज. छे. तो बाप एकदा रडला असता तर कोसळला असता, म्हणून रडत नव्हता. आणि थोरामोठ्यांपुढे अंग चोरून उभी राहिलेली बाई दुसरे काय करणार, हसणारच. हे कोणी विचारले नव्हते. विचारले असते तर त्याच्याजवळ उत्तर तयार होते.

आरोपीचे वकील एकनाथराव उठले. आदल्या दिवशी वीरभद्रप्पाने तिची मेंढरे रानातून हाकलून लावली होती, हे त्यांनी आधी तिच्याकडून कबूल करून घेतले. मग अगदी गोड आवाजात विचारले, “तू त्या पोरीच्या नावानं बोटं मोडलीस की नाही?”

“व्हय,” मायाक्का म्हणाली, “मोडली की.”

वेणीमाधवने इंग्रजी करण्याआधीच साहेबाने हात वर केला. साहेब मराठीची परीक्षा पास झालेला, त्याला त्याचा अभिमान. हा वाक्प्रचार आपल्याला ठाऊक आहे, शाप देणे, असे म्हणून तो लिहू लागला. एकनाथराव खाली बसले, मिशीला हात न लावताही त्यांनी मिशीला पीळ भरला होता... आणि वेणीमाधवच्या कानात सकाळची बोटे कडाकडा वाजली.

नावानं! सगळी लबाडी त्या एका शब्दात होती. नावाने मोडली तर शाप, तोंडावरून हात फिरवून मोडली तर माया, आणि म्हातारीने नुसते ‘मोडली’ म्हटले होते, कारण तिला विचारताना ‘नावानं’ कानाआड गेले होते. किती सोपे! आता हा शाप ठरला तर वीरभद्रप्पा किरकोळ दंडावर सुटेल, ते एक वेळ राहो, पण म्हातारी चेटकीण ठरेल, तीही कोर्टाच्या शिक्क्यानिशी. मग कोणी तिला शेतात मेंढरे बसवू देणार नाही, विहिरीला शिवू देणार नाही. दुभाष्याने विचारल्याशिवाय बोलू नये, हा कोर्टाचा दंडक. बोलू नये... त्याने खाकरून साहेबाची परवानगी मागितली.

मग तो बोलत राहिला. कानशिलावर मोडलेली बोटे ही दुसऱ्याची पीडा आपल्या डोक्यावर घेण्यासाठी असतात. शापाची बोटे खाली मोडतात, जमिनीकडे, नाहीतर हवेत. साहेबाने म्हातारीला करून दाखवायला सांगितले. तिने हात उचलायला घेतले, पण निखळलेला खांदा छातीच्या वर येईना, हात पोटापाशीच घुटमळले आणि खाली आले. तेव्हा वेणीमाधव स्वतः पुढे झाला. कोट, डोक्याला रुमाल, उपरणे अशा वेशातल्या पुरुषाने भर कोर्टात साहेबाच्या तोंडावरून हात फिरवले... साहेब दचकून खुर्चीसकट मागे सरकला... आणि स्वतःच्या कानशिलांवर दहाही बोटे मोडली. बटण तुटून फरशीवर टणटणत गेले. मागच्या बाकावर हशा पिकला, शिपाई ओरडला, साहेबही शेवटी हसला. हे आपण खात्रीने सांगता? त्याने विचारले. वेणीमाधव खाली वाकून बटण उचलीत म्हणाला की खात्रीने. निकाल उद्यावर गेला. पण साहेबाने लिहिलेली ओळ खोडली, हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले.

त्याने म्हातारीकडेही पाहिले होते, ती मान डोलावील म्हणून. ती खाली बघत होती, पदराआडून हसत. घाबरली आहे, त्याने मनातल्या मनात भाषांतर करून टाकले.

संध्याकाळी तो कोर्टाच्या आवारातून निघाला तेव्हा मायाक्का लिंबाखाली बसलेली होती, गावाकडच्या गाडीची वाट बघत. त्याची पावले आपोआप तिकडे वळली. आभार नकोत, तसे काही नाही... पण ती काहीतरी म्हणेलच, आणि ते ऐकून घेणे बरे. आता काळजी करू नकोस, असे त्याने तिला सांगितले. तिने वर पाहिले. आता पदर तोंडावर नव्हता, आणि हसूही नव्हते.

“पोर लई ग्वाड हुती,” ती म्हणाली. मग त्याला न्याहाळत, “तुमी लई शाने हाव, रावसायब. तुमाला लेकरं किती?”

“एकच. मुलगी.”

तिने हात उचलले. ते छातीपर्यंत आले आणि थांबले, तसेच खाली गेले, मांडीवर. तिथे, जमिनीकडे, एका हाताने दुसऱ्या हाताची बोटे तिने मोडली. एक एक करून, सगळी.

“हे काय केलंस?” त्याने विचारले.

“बोटं मोडली की,” मायाक्का म्हणाली.

खांदा वर येत नाही तिचा. बस, एवढेच. हात वर जाईना म्हणून खाली मोडली, माया ती माया. सात रस्त्याच्या गर्दीतून तो भराभर चालत होता. लई शाने... शाना म्हणजे हुशार. शाना म्हणजे नको तिथे तोंड घालणारा, असेही म्हणतात इकडे. पण तिचे मी भले केले! की तिच्याजवळ होते नव्हते तेवढे एकच हत्यार मी सगळ्यांसमोर काढून घेतले, आणि त्याला माया म्हणून हशा पिकवला? तिची मेंढरे हाकलली होती आदल्या दिवशी. पण पोर गोड होती म्हणाली ती. गोड पोरीलाच तर नजर... छे, छे. उद्या साहेबाने विचारले तर तो पुन्हा सांगेल, खात्रीने सांगेल, त्यात काडीचाही फरक पडणार नाही. ती खात्री साहेबासाठी होती, तिथे ती शाबूत होती. घरी नेण्यासाठी मात्र त्याच्याजवळ त्या खात्रीतले काहीच उरले नव्हते, आणि रस्ता नेहमीपेक्षा लांब झाला होता.

प्रभा ओसरीवर परकर पसरून बसली होती. गाणे छान झाले, बाईंनी पाठ थोपटली, ती सांगत होती. त्याने पुरते न ऐकताच तिच्या कपाळावर तळवा ठेवला. मग गळ्यापाशी, मग पुन्हा कपाळावर.

प्रेमला दारात येऊन उभी राहिली. “आज लेकीचे लाड का एवढे?” ती हसून म्हणाली. मग तिचे लक्ष कोटाकडे गेले आणि ती सुईदोरा घेऊन आली.

तिने सांगण्याआधीच त्याने दोऱ्याचा तुकडा दातांत धरला. कपाळ कोमट होते. उन्हातून आली असेल, खेळली असेल... नाहीतर आपलाच हात गार पडला असेल. प्रेमला बटण लावत होती, कोणाला काही सांगायचे नव्हते, सांगताही येत नव्हते. त्याने हळूच हात काढून घेतला आणि दुसरा हात ठेवून पाहिला.