मुळं कापलेलं ऑर्किड

अट मुलीने घातली होती. बाबा, एक ऑर्किड घ्या, पुढच्या वर्षापर्यंत जगवून दाखवा, मग खुशाल एकटे राहा. नाही जगलं तर मुकाट्याने बॅग भरायची आणि आमच्याकडे यायचं. तिच्या आईला जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि माझ्या घराचा निकाल एका कुंडीवर लागणार होता. ती कुंडी निवडायला तिने मलाच नर्सरीत ओढून आणलं होतं.

माझं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. नर्सरी म्हणजे पत्र्याची लांब शेड, वर हिरवी जाळी, खाली ओला कोबा. मी जन्मभर प्लंबिंगची कामं केली, त्यामुळे नजर आधी कोब्याच्या उताराकडे गेली. उतार चुकला होता. कोपऱ्यात पाणी साचलं होतं. मी ते बोलून दाखवलं.

"बाबा, आपण झाड घ्यायला आलोय," मुलगी म्हणाली. "नळ दुरुस्त करायला नाही."

नर्सरीवाल्या बाई पुढे आल्या. "पहिलंच ऑर्किड का काका?"

"पहिलं आणि शेवटचं."

त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

त्यांनी एक जांभळं दाखवलं, पण लगेच म्हणाल्या, हे नको, फार नखरे आहेत याचे. मग पांढऱ्या फुलांचं एक पुढे केलं. नवशिक्यांना त्या हेच देत. खिडकीपाशी ठेवायचं, थेट ऊन नको, आणि कुंडीत मातीऐवजी झाडाची साल असते, ती सुकली की मगच पाणी. "सारखं पाणी घालू नका. ही झाडं काळजी करणाऱ्यांच्या हातूनच मरतात."

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?"

"कुठे काय?"

"फुलं राहू द्या," मी बाईंना म्हणालो. "मुळं दाखवा."

बायको गेली त्याच्या आदल्या महिन्यात येणारा प्रत्येक जण म्हणत होता, चेहरा किती टवटवीत दिसतोय! आत काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं. वरच्या टवटवीतपणावर माझा आता काडीचा विश्वास नाही.

बाईंनी झाड कुंडीतून काढून टेबलावर ठेवलं. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली म्हणून त्या गेल्या. मुलगी फोनवर बोलत होती. मी मुळं पाहिली. पांढरट, राखाडी, वाळलेल्या सुतळीसारखी. मेलेला माल गळ्यात मारत होत्या! पाइप सडला की सडका तुकडा आधी कापायचा, मगच नवा जोड. खिशातला चाकू काढला आणि एकेक मूळ उडवायला लागलो.

"अहो काका! काय केलंत हे?" बाई धावत आल्या.

"मेलेली होती. फसवता का लोकांना?"

बाजूची बाटली उचलून त्यांनी टेबलावरच्या तुकड्यांवर पाणी फवारलं. बघता बघता तुकडे हिरवे झाले.

"तहानलेली होती," त्या म्हणाल्या. "कोरडी असली की अशीच दिसतात."

मी एक तुकडा उचलून उजेडात धरला. मुलीने फोन ठेवला.

"बाबा, हे मी भरून देते. दुसरं घ्या, धडधाकट. हे जगायचं नाही, आणि मग काय होईल माहीत आहे ना?"

"काय होईल?" माझा आवाज चांगलाच चढला. "तुझ्या आईला मी उठवलं, बसवलं, भरवलं. इतके महिने अंथरुणाला खिळली होती, पण पाठीवर एक जखम होऊ दिली नाही. तरी गेली ना? मी नीट सांभाळलं आणि ती गेली, दोन्ही खरं आहे. आता झाड देऊन माझी परीक्षा घेतेस?"

शेडमधली माणसं वळून बघायला लागली. बघू देत.

"परीक्षा नाही हो," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तीही चिडलेली होती. "सकाळी फोन लावते, तो तुम्ही उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. दादा हसतो मला. काय करू मी?"

"मग तसं म्हण. कुंडीच्या आडून कशाला बोलतेस?"

"म्हटलं असतं तर ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

"फोन कर. उचलेन. उशीर झाला तर शिव्या दे. पण बॅग भरणार नाही. हे झाड जगलं तरी नाही आणि मेलं तरी नाही."

"हट्टी आहात."

"आहे."

बाईंना मी विचारलं, "हे जगेल का?"

"सांगता येत नाही. थोडी मुळं शिल्लक आहेत. तुम्ही दुसरंच न्या."

"हेच द्या."

त्या नवी कुंडी घेऊन सालीचे तुकडे भरायला लागल्या. तळाला भोकं कमी वाटली म्हणून मी म्हणालो, पाणी तुंबेल.

"काका," मान वर न करता बाई म्हणाल्या, "तो चाकू खिशात ठेवा आणि जरा गप्प उभे राहा."

मुलगी हसली. मला हसू आलं नाही. पण मी गप्प उभा राहिलो.