सांता निवेरा ईलिंगमध्ये जेवायला जाते

डॉक्टर शशिकांत सबनीस यांनी उभ्या आयुष्यात लंडनच्या लोकांना भूल दिली, आणि पेशंटने काय खाल्लं, कधी खाल्लं, दात खरे की खोटे, ही चौकशी केल्याशिवाय कधी सुईला हात लावला नाही. त्यामुळे रिटायर झाल्यावर सिसिलीजवळच्या मोंतेफारो नावाच्या चिमुकल्या बेटावर सुट्टीला जायचं ठरलं, तेव्हा ते नुसती तिकिटं काढून गप्प बसतील अशी आशा उल्काने धरलीच नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस काही बाबतींत आशा सोडतो आणि सुखी होतो.

तरीसुद्धा, "आपण क्लासला जायचंय," असं ते म्हणाले तेव्हा ती दचकली.

"कसला क्लास? इटालियनचा?"

"भाषा काय, फोन बोलतो. चालीरीतींचा! तिथे आपण जाणार सणाच्या दिवसांत. काही चुकलं म्हणजे?"

ईलिंगच्या कम्युनिटी सेंटरमध्ये दर शनिवारी हा क्लास भरायचा. भूमध्य समुद्राकाठी सुट्टीला जाणाऱ्यांना तिथले सण आणि रीतीभाती शिकवायच्या, असा त्याचा उद्देश. शिकवणारी ईशिता. आईवडील पुण्याचे, जन्म इथलाच. युनिव्हर्सिटीत मानववंशशास्त्र शिकलेली, आणि त्या शिक्षणाची नोकरी न मिळाल्यामुळे ते शिक्षण मिळेल त्याच्यावर वापरणारी. तिचं मराठी झकास होतं, फक्त त्यात स्त्रीलिंग नव्हतं.

वर्गात जेमतेम दोन विद्यार्थी उरले होते. सबनीस पतिपत्नी धरून चार. एक ट्रेव्हर, पोस्टातून रिटायर झालेला, उत्तरेकडचा, हडर्सफील्डचा आडदांड पण हळव्या मनाचा माणूस. दुसरा श्रीनिवास, ब्रॅकनेलला आयटी कंपनीत, ज्याचा फोन शनिवारीही कानाला चिकटलेला असे. तिसरी एक बाई होती, पण स्पेनच्या सणासाठी टोमॅटो फेकण्याच्या सरावानंतर ती परत आलीच नाही.

त्या शनिवारी मोंतेफारोचा पाठ होता.

"बेटावरचा मेन सण," ईशिता सांगू लागली, "म्हणजे सांता निवेराचा. त्या दिवशी संत चर्चमधून बाहेर काढतात. खांद्यावर घेतात. एकदा उचलला की जमिनीला टेकवायचा नाही. कोणीतरी घरी जेवायला बोलावला, की मगच टेकवायचा."

"संत बाई आहे ना गं?" उल्काने विचारलं.

"हो काकू, बाई आहे. खूप कडक बाई आहे तो."

नियम मोजके पण पक्के होते. आमंत्रण आपणहून आलं पाहिजे, मागून घ्यायचं नाही. खांदेकऱ्यांनी स्वतःच्याच घरी बोलवायचं नाही. आणि बोलावणं जेवणाचंच हवं. सरबत, वाइन, बिस्किटं यांवर सांता निवेरा खाली उतरत नसे. पाहुण्यांनाही खांदा द्यायला मिळतो, म्हणून सराव हवा.

संत म्हणून बंद पडलेल्या साडीच्या दुकानातला पुतळा आला. त्याला निळा पडदा नेसवला. एका जुन्या दरवाजाला खाली दांडे ठोकून पालखी केली, दरवाजावर पुतळा बांधला, आणि तो फारच हलका वाटतो म्हणून डॉक्टरांनी संताच्या पायाशी बागेतल्या मातीची पोती रचली. "सराव करायचा तर खऱ्या वजनाचा," ते म्हणाले. खरं वजन कुणालाच माहीत नव्हतं, पण त्यांच्या आवाजातली खात्री ऐकून कुणाची विचारायची छाती झाली नाही.

योजना अगदी साधी होती. ईशिताची मैत्रीण तनिषा पलीकडच्या गल्लीत राहायची. ती दारात उभी राहून म्हणणार, "या, जेवायला या." संत टेकणार, सगळे टाळ्या वाजवणार आणि घरी जाणार.

पुढे हातघंटा घेऊन ईशिता. पुढच्या दांड्यांना डॉक्टर आणि ट्रेव्हर, मागच्यांना उल्का आणि श्रीनिवास. गल्ली आली. दार आलं. दार बंद. ईशिताने घंटा वाजवली, बेल वाजवली, फोन केला. तनिषा ब्रायटनला निघून गेली होती. तिला वाटलं होतं, पुढचा शनिवार.

"चला, ठेवा खाली," उल्का म्हणाली.

"नाही काकू! खाली ठेवला तर सगळा सण वाया गेला."

"अगं, सण कुठे आहे? सराव आहे ना?"

डॉक्टरांनी मान वळवली. दांड्यामुळे ती फार वळली नाही. "उल्का, सरावात जो फसवतो तो ऑपरेशनमध्येही फसवतो."

ट्रेव्हरलाही ते पटलं. श्रीनिवास तेव्हा मीटिंगमध्ये होता, त्यामुळे त्याचं मत मिळालं नाही. संत पुढे निघाली.

पहिला अर्धा तास उल्काला मौजच वाटली. लोक थांबत होते, फोटो काढत होते. एका आजीने आपल्या कुत्र्याला संतासमोर धरलं आणि त्याच्या दुखऱ्या पंजासाठी आशीर्वाद मागितला. ईशिताने घंटा वाजवून दिला. कुत्रा ताबडतोब भुंकला. आजीचे डोळे भरून आले. "किती छान! तुम्ही सगळे कधीतरी घरी यायलाच हवं," ती म्हणाली.

चौघे थबकले. ईशिताने आशेने विचारलं, "जेवायला?"

"हो, नक्की, कधीतरी," म्हणत आजी आणि कुत्रा कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.

"हे आमंत्रण धरायचं का?" डॉक्टरांनी विचारलं.

ट्रेव्हरने दुःखाने मान हलवली. "कधीतरी या म्हणजे येऊ नका," तो म्हणाला. "मी या देशात जन्मलोय, मला ठाऊक आहे."

त्यानंतर तेच सुरू झालं. फुलं विकणारा म्हणाला, कधीतरी या. चर्चचे पाद्री तर रस्ता ओलांडून आले, संताची वेशभूषा बारकाईने पाहिली, आणि ऑक्टोबरात सगळ्यांनी आपापला डबा आणून खायचा कार्यक्रम आहे, त्याला जरूर या म्हणाले. एका तरुण पोलिसाने पडद्याखाली माणूस तर नाही ना याची खात्री करून घेतली. संत आहे आणि तिला जेवायचंय, हे कळल्यावर तो ओशाळला. "मी ड्यूटीवर आहे हो," म्हणाला. "नाहीतर कधीतरी..."

खांदे बोलू लागले. बसने जरा पुढे जाऊ म्हणावं, तर ड्रायव्हरने बाबागाडीची जागा भरलीये म्हणून संताला चढू दिलं नाही. बसमधल्या लोकांनी दिलगिरीच्या मुद्रेने खिडकीतून पाहिलं. श्रीनिवासच्या मॅनेजरने व्हिडिओ कॉलवर विचारलं की तुझ्या शेजारी ती बाई कोण, आणि ती या प्रोजेक्टवर आहे का. श्रीनिवास म्हणाला, अजून नाही.

मग मीनल भेटली. उल्काची मैत्रीण, मंडळाच्या गणपतीत दरवर्षी शेजारी बसून मोदक वळणारी. आपलं माणूस बघून उल्काला एकदम गहिवरून आलं. आता सुटलो, असं तिला वाटलं.

"अय्या उल्का! हे काय काढलंस?" मीनलने पालखीभोवती एक चक्कर मारली. "कित्ती दिवसांनी! ये ना गं एकदा घरी, निवांत जेवायला."

"कधी?" उल्काने विचारलं. तिच्या आवाजात असं काही होतं की मीनल एक पाऊल मागे सरकली.

"अगं... असंच, एकदा."

"आज?"

"काकू, मागायचा नाही!" ईशिता ओरडली.

"आज नको गं, आज घरात सगळा पसारा..." मीनल म्हणाली आणि तिला एकाएकी पार्किंगची वेळ संपल्याची आठवण झाली.

उल्का दांड्याखाली तशीच उभी राहिली. राग यायला हवा होता, पण येईना. गेल्याच आठवड्यात तिने शेजारच्या बाईला कुंपणावरून हेच सांगितलं होतं, असंच हसून, आणि त्याआधीच्या आठवड्यातही. ती बाई 'आज?' म्हणाली असती तर आपणही पार्किंगचंच नाव काढलं असतं. आणि आपल्याकडे तर गाडीसुद्धा नाही.

पावसाची भुरभुर सुरू झाली. पुतळा भिजला तर रंग जाईल म्हणून ईशिताने कुठूनतरी प्लास्टिकचा मोठा कागद पैदा केला आणि संताला दरवाजावरच आडवं निजवून वरपासून खालपर्यंत गुंडाळून टेपने बांधलं. आता पालखीवर नक्की काय आहे हे कुणालाच कळेना, त्यामुळे 'कधीतरी या' म्हणणारेही थांबले. दुपार कलली. डॉक्टर गप्प झाले होते. ते गप्प झाले की उल्काला काळजी वाटे.

अशा अवस्थेत ते एका लांबलचक गल्लीतून जात असताना एका घराचं दार धाडकन उघडलं. चपला आणि जुना स्वेटर घातलेला एक पिकल्या केसांचा माणूस पायरीवर आला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "आलात एकदाचे! या, या, आत या! सकाळपासून वाट बघतोय मी!"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मागितलं नव्हतं. आपणहून बोलावलं होतं. डॉक्टरांचे डोळे चमकले आणि पालखी तिरपी करून ते सरळ आत घुसले.

"फ्रंट रूममध्ये," माणूस सांगत होता. "खिडकीखाली ठेवा. जुना मी काल दिला टाकून."

खोली जवळजवळ रिकामी होती. एक टेबल, चार खुर्च्या, आणि खिडकीखाली सोफ्याच्या आकाराचा कार्पेटचा न विटलेला तुकडा. तो बघितल्यावर उल्काच्या लक्षात सगळा प्रकार आला.

ती काही बोलणार इतक्यात ईशिता ओरडली, "खाली नाही ठेवायचा! त्याने आत बोलावला, जेवायला नाही बोलावला!"

तेव्हा ते चौघे त्या परक्या माणसाच्या खोलीत संताला खांद्यावर घेऊन उभे राहिले. माणूसही उभा राहिला. त्याचं नाव ग्रॅहम, हे मागाहून कळलं.

"ठेवा की खाली," ग्रॅहम म्हणाला.

"ठेवता येत नाही," ट्रेव्हर म्हणाला.

"सही करू का कुठे?"

"सहीने काही होणार नाही," डॉक्टर म्हणाले.

ग्रॅहमने विचार केला. श्रीनिवासने पहिल्यांदाच फोन बंद केला. ग्रॅहमने चौघांचे घामेजलेले चेहरे पाहिले, खाकरला, आणि अशा प्रसंगी या देशात जे बोललं जातं तेच बोलला.

"टी घेणार का?"

ईशिताचा चेहरा पडला. "टी नाही चालत," ती पुटपुटली. "जेवणच लागतो."

पण ट्रेव्हर थरथरू लागला होता. आधी उल्काला वाटलं, वजनाने. "थांबा!" तो म्हणाला. "कुठली टी? आमच्या उत्तरेत संध्याकाळच्या जेवणालाच टी म्हणतात! माझी आई अख्खं जेवण वाढायची आणि टी म्हणायची. याला विचारा, हा कुठला आहे!"

कुणी विचारायचं? हा प्रश्न असा की नीट माणसाने तो विचारू नये. पण उल्काला या देशात दुकानात, दवाखान्यात, बसस्टॉपवर आयुष्यभर लोकांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि आपणही एकदा कुणाला तो विचारावा असं तिच्या मनात फार दिवस होतं.

"तुम्ही कुठले?" तिने विचारलं. आणि तिलाही नेहमी विचारत तसं, जरा थांबून पुढे म्हणाली, "नाही, म्हणजे मूळचे?"

"रॉदरहॅमचा," ग्रॅहम म्हणाला.

"उत्तरेचा!" ट्रेव्हर गरजला.

पालखी जमिनीला टेकली. ईशिताने घंटा इतकी वाजवली की समोरच्या घरातले पडदे हलले. डॉक्टर जिथे होते तिथेच बसले. ट्रेव्हरने ग्रॅहमला मिठी मारली आणि दोघेही लगेच एकमेकांपासून दूर झाले.

ग्रॅहमने कागदाची टेप काढली. आतून निळ्या पडद्यातली बाई निघाली. त्याने पडद्याचं टोक उचलून खाली पाहिलं.

"हा सोफा नाही," तो म्हणाला.

"नाही," उल्का म्हणाली. "ही सांता निवेरा आहे. तुम्ही तिला जेवायला बोलावलंत."

ग्रॅहमने टेपची नीट गुंडाळी केली. माफी मागायची की पोलिसांना बोलवायचं, हे तो ठरवत असावा. मग त्याने विचारलं, "ही अंडी खाते का?"

अंडी होती, ब्रेड होता, बीन्स होत्या. संताला खुर्चीवर बसवून तिच्यासमोर पहिली बशी ठेवली. डॉक्टरांनी सवयीने बशीभोवती पाणी फिरवलं आणि ग्रॅहमने डोकं खाली झुकवलं. त्याची बायको गेल्यापासून त्या टेबलाशी कुणी बसलं नव्हतं, हे त्याने सांगितलं, पण दुसऱ्यांदा टोस्ट भाजताना, पाठमोरा होऊन. उल्काने उठून त्याच्या हातातला चमचा घेतला आणि बीन्समध्ये जिऱ्याची फोडणी घालायची तर जिरं आहे का, असं विचारलं. जिरं होतं. कुठल्या तरी सालचं, पण होतं.

सोफा घेऊन दोन माणसं आली तेव्हा सगळे हसत होते. त्यांनाही बसवलं. त्यातल्या एकाने ही बाई जेवत का नाही म्हणून विचारलं, तर ग्रॅहम रागावलाच. "तिचं ती बघेल," तो म्हणाला. "तुम्ही तुमचं खा."

बेटाच्या रीतीप्रमाणे यजमानाने निरोप दिल्याशिवाय संताला हलवता येत नाही. ग्रॅहमने निरोप दिला नाही. दर शनिवारी ईशिता विचारायला जायची आणि जेवून यायची. पुढे वर्गच तिथे भरू लागला.

सप्टेंबरात सबनीस पतिपत्नी मोंतेफारोला पोचली. डॉक्टर महिनाभर खांद्याचे व्यायाम करत होते. सणाच्या दिवशी घंटा वाजल्या, चर्चचं दार उघडलं, आणि एका म्हाताऱ्या पाद्र्यांनी तळहातावर सांता निवेरा बाहेर आणली. दुधी भोपळ्याएवढीसुद्धा नव्हती. पायऱ्या उतरून होतात न होतात तोच साऱ्या गल्लीतल्या बायका जेवायला बोलवायला धावल्या, आणि उल्काच्या चपलेचा पट्टा लागेपर्यंत संत एका निळ्या दारातून आत गेलीसुद्धा.

डॉक्टर रिकामा खांदा चोळत उभे राहिले. मग त्यांनी खिडकीतून संताचा फोटो काढला आणि ग्रॅहमला पाठवला.

ग्रॅहमचं उत्तर लगेच आलं. "बिचारी! खायला घालत नाहीत वाटतं तिकडे."