मास्तरांचं पडणं

आमचे दिग्दर्शक स्वतःला प्रतिभावंत समजायचे, म्हणून मीही मनातल्या मनात त्यांना प्रतिभावंतच म्हणायचे. एवढ्या-तेवढ्यावरून कशाला वाद घाला?

मी संकलक. लोकांनी चित्रित करून आणलेल्या पसाऱ्यातून सिनेमा शोधून काढायचा, हे माझं काम. एकवीस वर्षं करतेय. पण या गृहस्थांच्या पसाऱ्यात शोधण्यासारखं फारसं नव्हतंच. नायिकेच्या गुरूला नऊ जण मारतात, मग नायिका त्या नऊ जणांना मारते. झाली गोष्ट. प्रत्येक जण वेगळ्या रंगाच्या खोलीत मरतो. एक पिवळ्या, एक निळ्या, एक हिरव्या. रक्त मात्र सगळीकडे गुलाबी, कारण लाल म्हणे फार सरळसोट वाटतं. तलवार उपसण्याआधी नायिका दर वेळी डोळे मिटते. मी मोजलं तर सत्तावीस वेळा. बाई सूड घेतेय की डुलकी, कळायला मार्ग नाही.

हे सगळं जोडून झालं पावणेचार तासांचं.

"दीड तास काढावा लागेल," मी म्हटलं.

"ताई, स्वतःच्या मुलाचा हात कापाल का तुम्ही?"

"त्याला सहा हात असतील तर विचार करेन."

ते हसले नाहीत. शेवटी निर्मात्याने तोडगा काढला, की याचे दोन सिनेमे करा. पाच खून आत्ता, चार पुढच्या वर्षी. दुसऱ्याच आठवड्यात प्रतिभावंतांनी पत्रकारांना सांगितलं, "कथा मला मुळातच दोन भागांत सुचली." तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही त्यांच्या. अभिनय शिकले असते तर चार पैसे मिळवून गेले असते.

आता मास्तरांचं सांगते. मास्तर म्हणजे आमचे फायटमास्टर. वय अठ्ठावन्न, अंगकाठी बारीक, बोलणं त्याहून कमी. तलवारीचा प्रत्येक हात त्यांनी बसवला होता, नायिकेला उभं कसं राहायचं इथपासून त्यांनीच शिकवलं होतं. हिरव्या खोलीतला खलनायक जिन्यावरून गडगडतो, त्याचा डुप्लिकेटही तेच झाले, कारण बावीस पायऱ्या पडायला दुसरं कोणी धजावेना. सकाळी तीनदा तालीम झाली, तिन्ही वेळा चोख. मग मास्तर कपडे बदलायला गेले आणि प्रतिभावंतांना पायऱ्या निस्तेज वाटल्या. "चमक पाहिजे," म्हणून त्यांनी पायऱ्यांवर ग्लिसरीन ओतायला लावलं. मास्तरांना कोणी सांगितलं नाही.

तिसऱ्याच पायरीवर पाय सटकला. गुडघ्याखाली हाड मोडलं.

चित्रीकरणाच्या जागी मी नव्हते. मला हे कळलं माझ्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. आधी हाडाचा आवाज. मग मास्तरांचा, "थांबवा." मग कॅमेऱ्यामागून प्रतिभावंतांचा, दबक्या आवाजात, "चालू ठेवा, चालू ठेवा." एकोणीस सेकंद चालू ठेवला. मास्तर आणखी दोनदा "थांबवा" म्हणाले. तिसऱ्या वेळी "कृपा करून" असंही म्हणाले.

"हे वापरायचं नाही," मी प्रतिभावंतांना म्हटलं. "माणूस ओरडतोय."

"म्हणूनच तर! असली वेदना विकत मिळते का? वर व्हायोलिन टाकू."

मी भांडले का? थोडं. मग घराचे हप्ते आठवले आणि व्हायोलिन टाकलं. प्रतिभावंतांबद्दल मी काय वाटेल ते बोलते, पण त्या दिवशी बटण माझ्याच बोटाने दाबलं होतं.

सिनेमा धो धो चालला. मास्तरांचा पाय मोडतो तिथे थिएटरात शिट्ट्या पडायच्या. मास्तर तेव्हा पायात सळई घालून घरी पडून होते. प्रतिभावंतांनी त्यांना मोठा पुष्पगुच्छ पाठवला. गुलाबी फुलांचा.

वर्षभराने दुसरा भाग माझ्या टेबलावर आला. चार खून आणि मध्ये नुसती बडबड. आता नायिकेला म्हणे प्रश्न पडले होते. सूड म्हणजे काय? तलवार कोण, मी कोण? एकीला तर ती मारण्याआधी अकरा मिनिटं समजावून सांगते. ती बिचारी कंटाळून आपणहून मेली असती. हे रटाळ झालंय, एवढं प्रतिभावंतांनाही जाणवलं असावं. म्हणाले, "जिन्याचा तोच शॉट पुन्हा वापरा. तिला आठवतो असं दाखवू. तीन वेळा, दर वेळी जास्त संथ."

या वेळी मी सांगितलं तसं तिन्ही ठिकाणी लावून ठेवलं. मास्तरांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत आले. मी पाणी दिलं, सगळं खरं खरं सांगितलं, ग्लिसरीनचंही. ते त्यांना माहीत होतं. "हात लावला तेव्हाच कळलं, चिकट होतं," म्हणाले. मग म्हणाले, "दाखवा."

मी आवाज बंद करून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून दोनदा पाहिलं. मला वाटलं आता रडतील, नाहीतर शिव्या देतील. माझी दोन्हीची तयारी होती.

"छे!" ते म्हणाले. "काय हे पडणं!"

"म्हणजे?"

"बाई, खांदा बघा कुठे चाललाय. हात मोकळा. मान उघडी. नवशिक्यासुद्धा असा पडत नाही. आणि हे लोकांनी माझं काम म्हणून पाहिलं? वर्षभर?" त्यांचे कान लाल झाले होते. "पाय मोडला त्याचं सोडा हो. तो त्याच्या कर्माने गाढव आहे. पण चाळीस वर्षं मी पडतोय. मला पडता येतं."

असं म्हणून त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि सळईच्या पायासकट माझ्या खोलीतल्या जमिनीवर पडले. मी किंचाळले. पण आवाज झाला तो एखादी चादर खाली टाकावी तेवढाच. खांद्यावरून गोल वळून ते बसते झाले, आणि म्हणाले, "हे पडणं. ते दुसरं काढून टाका."

मी काढून टाकलं. तिन्ही ठिकाणांहून. त्या जागी डोळे मिटणारी नायिका घातली. ती ढिगाने होती.

प्रतिभावंतांना तयार झालेला दुसरा भाग दाखवला. भांडण होणार, काम जाणार, हे मी धरूनच बसले होते. ते अडीच तास फोनमध्ये डोकं घालून स्वतःच्या मुलाखती वाचत होते. दिवे लागल्यावर उठले, डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि म्हणाले, "जबरदस्त. तो जिना तर काळीज चिरतो."

दुसरा भागही चालला, पहिल्याच्या निम्मा. एका मासिकात प्रतिभावंतांनी दीड पान भरून सांगितलं, की जिन्याचं दृश्य तीनदा दाखवण्यामागे त्यांचं काय तत्त्वज्ञान होतं. एका समीक्षकाने त्यावर लेखही लिहिला. सिनेमात ते दृश्य एकदाही नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. मी तर म्हणते, असा दिग्दर्शक आणि असा समीक्षक एकमेकांना लाभले, हेच बरं झालं. उगाच दोन घरं बिघडली असती.

पुढे मी त्या माणसाचं काम घेतलं नाही. मास्तर आता एका सभागृहात म्हाताऱ्या माणसांना हाडं न मोडता पडायला शिकवतात. आठवड्यातून दोनदा मी माझ्या सासूबाईंना तिथे घेऊन जाते. ते मासिक मी मास्तरांना तिथेच वाचून दाखवलं.

"तीनदा पडलो म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"तीनदा. दर वेळी जास्त संथ."

"बरं," मास्तर म्हणाले आणि माझ्याकडे पाठ करून सासूबाईंना म्हणाले, "आजी, हनुवटी छातीला. हात आखडू नका. हं, सोडा अंग."

सासूबाई गादीवर पडल्या, वळल्या, पदर सावरत उठून बसल्या आणि माझ्यावर ओरडल्या, "तू काय मासिकं वाचत बसलीस? चपला काढ आणि ये इकडे."

मी चपला काढल्या.