चकल्यांखालचा वेप

मी एक जुना वेप आहे. मित्रांनो, हे नाव जरा हळू घ्या. इथे सिंगापुरात माझं नाव काढलं तरी लोक मागे वळून बघतात. दिसायला मी अगदीच साधा, बोटाएवढा, चपटा, काळा. टोकाला तोंडात धरायची नळी, पोटात बॅटरी आणि तिच्याजवळ निकोटिनचं पाणी भरायची इवलीशी कुपी. माझ्यातून सिगारेटसारखा धूर निघत नाही, वाफ निघते. म्हणजे निघायची. आता बॅटरी मेली आणि कुपी कोरडी ठणठणीत. तरीसुद्धा मला जवळ बाळगणं इथे गुन्हा आहे. त्यातून मी जन्माचा भित्रा. ही गोष्ट सांगतानाही माझी पाचावर धारण बसली आहे.

माझा जन्म चीनमधल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. शेजारच्या पट्ट्यावर माझी भावंडं तयार होत होती. कुणी गुलाबी, कुणी पोपटी, कुणाला आंब्याचा वास, कुणाला बबलगमचा. मी आपला काळा आणि बेचव. त्यांचा मला फार हेवा वाटायचा. त्यांना असं कुणासाठी नटवलंय, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यातही आला नाही.

तिथून मी इंग्लंडमधल्या एका बंदरात, एका बाईंच्या लहानशा दुकानात आलो. तिथेच मला मनोहर भेटला. मनोहर मूळचा अलिबागचा, मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनियर. माणूस सोन्यासारखा, पण सिगारेटी अशा ओढायचा की जहाजाच्या धुराड्यानं लाजावं. सुट्टीवर सिंगापूरच्या घरी गेला होता, तेव्हा त्याची लेक किमया त्याच्या मांडीवरून उतरली आणि नाक दाबून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू स्टिंक ला!" ते त्याच्या फार मनाला लागलं होतं. दुकानातल्या बाईंना त्यानं हे सगळं सांगितलं आणि मला विकत घेतलं.

त्या दिवसांत तिथलं सरकार माझ्या कुपीतल्या पाण्यावर नवा कर लावायचं म्हणत होतं. दुकानाबाहेर चार गिऱ्हाईकं विरोधाच्या पाट्या घेऊन उभी होती. कुणीतरी मनोहरच्या हातातही एक पाटी दिली, आणि हा पठ्ठ्या उभा राहिला की! सोबत आलेल्या दीपेशला, म्हणजे जहाजावरच्या त्याच्या मित्राला, तो तावातावानं म्हणाला, "अरे, माणूस सिगारेट सोडायला बघतोय आणि हे त्याच्याच वाटेत टोलनाका बसवतायत!"

"गप रे, पुढारी," दीपेश म्हणाला. "ती पाटी ठेव आणि चल, जहाज सुटेल."

मी खिशात बसून ऐकत होतो. माझ्यासाठी कुणी असं भांडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला रडूच आलं.

पुढचे दिवस माझ्या सुखाचे. इंजिनरूममधून घामाघूम होऊन वर आला की मनोहर मला शोधायचा. हळूहळू सिगारेट सुटली. मग माझ्यातलं निकोटिनही त्यानं कमी कमी करत आणलं. घरी जाताना मात्र मला केबिनच्या खणात ठेवून जायचा, कारण सिंगापूरचा कायदा त्याला ठाऊक होता. एकदा घरून परत आला आणि खण उघडून मलाच म्हणाला, "पोरगी मांडीवर बसली रे!" एवढं कौतुक माझं आजवर कुणी केलं नाही.

मग त्याला किनाऱ्यावरची नोकरी लागली. सिंगापुरातच अलेक्झांड्राला ऑफिस, जवळच क्वीन्सटाउनमध्ये भाड्याचा फ्लॅट आणि रोज संध्याकाळी बायको-मुलीबरोबर जेवण. त्याची बायको प्रेमा या दिवसाची वर्षानुवर्षं वाट पाहत होती. पण आता हे सगळं उभं होतं सरकारनं दिलेल्या नोकरीच्या पासावर, म्हणजे परवान्यावर. तो पास गेला की फ्लॅट गेला, किमयाची शाळा गेली, चला परत.

आणि जहाज सोडण्याच्या गडबडीत मनोहरकडून घोटाळा झाला. मी खणात नव्हतो, इंजिनरूममध्ये घालायच्या त्याच्या बॉयलर सूटच्या खिशात होतो. घरी येऊन त्यानं धुवायचे कपडे उपसले, तेव्हा मी टपकन त्याच्या पायाशी पडलो. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

तिकडे इंग्लंडात कर लावणार म्हणून आम्ही आकांडतांडव केलं होतं. इथे कराचा प्रश्नच नव्हता. कर लावायलासुद्धा आधी कायद्यानं मला दारात उभं करायला हवं ना! एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनावर माझ्यावर फुली मारलेली मोठमोठी चित्रं. पकडले गेलेल्यांच्या बातम्या तर रोजच्याच. दंड होतो, परदेशी माणसाचा पासही जाऊ शकतो, असं लोक एकमेकांना सांगत. जवळच्या कम्युनिटी क्लबमध्ये, म्हणजे वस्तीच्या समाजमंदिरात, सरकारनं ठेवलेली एक पेटी होती. तिच्यात गुपचूप वेप टाकला तर कुणी काही विचारत नसे. मनोहरला ते माहीत होतं. पण तो रोज म्हणायचा, "उद्या टाकतो." मी नसलो की हात पुन्हा सिगारेटकडे जाईल, ही त्याची भीती. गॅलरीत उभा राहून तो मला नुसता मुठीत धरायचा. मला ओठाला लावत नव्हता.

फ्रिजवर अरुणाताईंचा स्टीलचा डबा होता. अरुणाताई दोन मजले वर राहतात. इथल्या जुन्या रहिवासी, एका शाळेत शिक्षिका. त्यांनी पाठवलेल्या शंकरपाळ्या संपल्या होत्या, तळाला तेल टिपायचा कागद तेवढा उरला होता. मनोहरनं मला त्या कागदाखाली सरकवलं. दुसऱ्याच्या डब्यात आपल्या घरचं कोण हात घालणार, असा त्याचा हिशेब. पण आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत, हे तो साफ विसरला.

शनिवारी तो कामासाठी गोदीत गेला होता. प्रेमा कानात फोन लावून आईशी बोलत चकल्या तळत होती. बोलता बोलताच तिनं तो डबा ओढला आणि त्यात चकल्या भरल्या. अगं आई गं! माझ्या डोक्यावर गरम चकल्यांचा ढीग पडला, झाकण बसलं आणि सगळा अंधार. "किमया, हा अरुणाताईंना देऊन ये!" हे ऐकून मी थिजलो. ज्या पोरीसाठी मला आणलं, तिच्याच हातात मी होतो, आणि वाटेत कुणी डबा उघडला असता तर?

अरुणाताईंनी एक चकली तोंडात टाकली, बाकीच्या ताटात ओतल्या आणि धुवायला म्हणून कागद उचलला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांनी आधी दाराला कडी लावली. मग फोन हातात घेतला. खाली ठेवला. पुन्हा घेतला. माझ्या डोळ्यांसमोर मनोहरचा पास, ते घर, मांडीवर बसलेली ती पोर, सगळं आलं. मी मनात ओरडत होतो, ताई, मला फोडा, पण त्याचं नाव घेऊ नका!

इकडे मनोहर घरी आला. नंतर त्यानंच ताईंना सांगितलं म्हणून मला कळलं. फ्रिजवर डबा नाही म्हटल्यावर त्याची बोबडीच वळली. "ममा गेव्ह इट टू अरुणा आंटी ऑलरेडी," किमया म्हणाली. "बाबा, यू सिक इज इट?"

दाराची बेल वाजली. ताईंनी दार उघडलं. मनोहर धापा टाकत उभा होता, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"आत ये," ताई म्हणाल्या. "तुझाच ना हा?"

"हो ताई. प्रेमाला यातलं काही माहीत नाही. मी ओढत नाही हो आता. ह्याच्यामुळेच माझी सिगारेट सुटली."

"गेल्या महिन्यात आमच्या शाळेत एका मुलीच्या कंपासपेटीत असाच एक सापडला. गुलाबी, आंब्याच्या वासाचा. सातवीतली पोर ती. ती कुठली सिगारेट सोडत होती रे?"

"मुलांना विकणाऱ्याला उलटा टांगा ताई, दोरी मी आणतो. पण माझं काय? खाली दुकानात सिगारेट मिळते. कर भरा, पाकिटावरची सडकी फुप्फुसं बघा आणि खुशाल ओढा. आणि जो सोडायला बघतो तो गुन्हेगार? हा कुठला न्याय?"

ताईंनी चकल्यांचं ताट बाजूला सरकवलं. "नाही मला याचं उत्तर येत," त्या म्हणाल्या. "पण त्या पोरीचं उत्तर तुलाही येत नाही. मी फोन करणार होते, मनोहर."

"मग केला का नाहीत?"

"प्रेमाची चकली तोंडात होती. बोलता येईना."

मनोहर खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. ताईंनी मला पुन्हा त्याच कागदाखाली ठेवलं आणि वर त्यांच्या बरणीतली आवळा सुपारी ओतली. "आत्ताच्या आत्ता क्लबात जा आणि हा पेटीत टाक."

"आणि पुन्हा ओढावीशी वाटली तर?" त्यानं अगदी बारीक आवाजात विचारलं.

"तर हे चघळ. आणि डबा मला परत हवाय. रिकामा आणू नकोस."

तो डबा काखेत घेऊन निघाला. लिफ्टपाशी गणवेशातली दोन माणसं उभी होती. त्याचं काळीज मला झाकणातून ऐकू येत होतं. त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही. क्लबाच्या दाराशी त्यानं मला बाहेर काढलं, अंगठ्यानं एकदा पुसलं, "चल मित्रा," म्हणाला आणि पेटीच्या फटीतून सोडून दिलं.

मित्रांनो, मी तिथूनच बोलतो आहे. इथे काळोख आहे आणि माझ्या भावंडांची गर्दी आहे. माझ्या शेजारी एक गुलाबी बहीण आहे, अजून आंब्याचा वास येतोय तिला. आता मला तिचा हेवा वाटत नाही. उद्या-परवा ही पेटी उचलतील आणि आमचा चुरा करतील. मला त्याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी भीती बाहेर आहे. पेटीसमोर रस्त्यापलीकडे सिगारेटचं दुकान आहे आणि मनोहर अजून गेलेला नाही. त्याच्या चपलांचा आवाज दुकानाच्या दिशेनं गेला आणि थांबला. जेवढा वेळ मी तुम्हाला गोष्ट सांगतोय, तेवढा वेळ तो तिथेच उभा आहे.

मित्रांनो, कुणी गोड वासाचं माझं भावंड पुढे केलं तर हात लावू नका. आम्ही तुमच्यासाठी नाही. आणि मोठे होऊन तुम्ही कायदे करायला बसाल, कर लावाल, बंदी घालाल, तेव्हा त्या सातवीतल्या मुलीला समोर बसवा आणि मनोहरलाही एक खुर्ची द्या. दोघांचंही ऐका.

थांबा, थांबा. काहीतरी वाजलं. दुकानाचं दार तर नाही ना? देवा, दार नको.

नाही. स्टीलच्या डब्याचं झाकण उघडलं. तो आवळा सुपारी चघळतोय. चपला घराकडे निघाल्या.